४,१०० डॉलरची लाच आणि कोट्यवधींची खुर्ची: अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये कोच वर कसा चढतो

२६ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी दहा जणांवर लाचखोरी आणि फसवणुकीचे आरोप ठेवले. त्यातले चौघे विद्यापीठांच्या बास्केटबॉल संघांचे असिस्टंट कोच होते: ऑबर्नचे चक पर्सन, ॲरिझोनाचे इमॅन्युएल 'बुक' रिचर्डसन, ओक्लाहोमा स्टेटचे लामॉन्ट एव्हान्स आणि सदर्न कॅलिफोर्नियाचे टोनी ब्लँड. गुन्हा साधारण एकाच साच्याचा होता. ख्रिश्चन डॉकिन्स नावाच्या तरुण एजंटासारख्या मध्यस्थांकडून पैसे घ्यायचे आणि 'तुमचे पैसे सांभाळायला हाच माणूस घ्या' असं आपल्या संघातल्या मुलांच्या गळी उतरवायचं. ब्लँड यांनी लास व्हेगासमधल्या एका भेटीत घेतलेली रक्कम होती ४,१०० डॉलर. रिचर्डसन यांची २०,००० च्या घरात.

चौघेही कृष्णवर्णीय आणि चौघेही दुसऱ्या फळीतले. ज्यांच्या हाताखाली ते काम करत होते त्यातल्या एकाही हेड कोचवर फौजदारी खटला झाला नाही. वर्षाला ३० लाख डॉलरहून जास्त पगार घेणारे हेड कोच तेव्हाही या धंद्यात होते. रिचर्डसन आणि एव्हान्स तीन-तीन महिने तुरुंगात गेले, बाकी दोघांना प्रोबेशन मिळालं.

ही बातमी वाचून 'चार लोभी माणसं पकडली गेली' असं म्हणून पान उलटता येतं. मला ते पुरेसं वाटत नाही. या पेशात वर जाण्याचा जिना कसा बांधलाय, हे पाहिल्याशिवाय ४,१०० डॉलरसाठी कोणी अख्खी कारकीर्द का पणाला लावतो, ते कळत नाही. जिना नीट पाहिला की आणखी एक गोष्ट दिसते: या धंद्यात लबाडी करणाऱ्याला परतीची वाट मिळते, पण लबाडी उघड करणाऱ्याला ती मिळेलच असं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ म्हणजे आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत. एनसीएए ही तिथली नियामक संस्था. तिच्या सर्वांत वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, पुरुषांचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. त्यातले ६८ दर मार्चमध्ये बाद फेरीच्या स्पर्धेत उतरतात आणि तीन आठवडे देश त्यात गुंग असतो. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतही ऑफिसातल्या पैजेपायी लोक ब्रॅकेट, म्हणजे कोणता सामना कोण जिंकेल याचा तक्ता, भरत बसतात. २०१० साली या एकाच स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क चौदा वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना विकले गेले. खेळणाऱ्या मुलांना मात्र अलीकडेपर्यंत शिष्यवृत्तीपलीकडे काही देणं हा गुन्हा मानला जाई. पैसा प्रचंड आणि खेळाडूला द्यायला बंदी. मग तो पैसा कुठे जाणार? विद्यापीठाच्या इमारतींत, हेड कोचच्या पगारात आणि उरलेला टेबलाखालून.

जिन्याची पहिली पायरी

या पेशात शिरणारा तरुण बहुधा ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून शिरतो किंवा व्हिडिओ कापत बसतो. पगार नावापुरता आणि कामाला घड्याळ नाही. मग ऑपरेशन्सचं पद, मग असिस्टंट कोच आणि नशीब असेल तर एखाद्या लहान विद्यापीठात हेड कोच. तिथे जिंकला की मोठं विद्यापीठ बोलावतं.

खालच्या पायऱ्यांना किती कमी किंमत होती, याचा कायदेशीर पुरावाच आहे. १९९१ मध्ये एनसीएएने नियम केला की एका असिस्टंट कोचला शैक्षणिक वर्षाचे १२,००० आणि उन्हाळ्याचे ४,००० डॉलर, असे एकूण १६,००० डॉलरपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. कारण दिलं काटकसरीचं आणि नवख्यांना संधी देण्याचं. हेड कोचच्या पगाराला अर्थातच मर्यादा नव्हती. असिस्टंट कोर्टात गेले. सगळ्या विद्यापीठांनी मिळून पगार ठरवणं हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, हा निकाल १९९८ मध्ये अपिलातही कायम राहिला आणि पुढच्या वर्षी एनसीएएने ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

म्हणजे वर पोहोचलेल्याला अमाप मिळतं, खालच्याला जेमतेम, आणि मधलं अंतर एका उडीचं. ती उडी कशाच्या जोरावर मारायची? खेळ उत्तम कळतो म्हणून? बास्केटबॉल ज्यांनी शोधला ते जेम्स नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठाचे पहिले कोच होते. त्यांचा हिशेब ५५ विजय, ६० पराभव. कॅन्ससच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले ते एकमेव कोच. (त्या काळी खेळाडूंची भरती वगैरे प्रकार नव्हता, तेव्हा बिचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही.)

आज असिस्टंटची किंमत ठरते ती मुख्यतः तो कोणता खेळाडू घेऊन येतो यावर. क्रिकेटमध्ये अकरा, फुटबॉलमध्ये अकरा, इथे मैदानात पाचच. अठरा वर्षांचा एकच असामान्य मुलगा आला तर संघाचं नशीब पालटतं, हेड कोचला नवा करार मिळतो आणि त्या मुलाला आणणारा असिस्टंट दुसरीकडे हेड कोच होतो. तो मुलगा हुकला तर दोन वर्षांनी हेड कोचला नारळ मिळतो आणि त्याच्यासोबत सगळ्या असिस्टंटनाही. त्यांची नोकरी विद्यापीठाची म्हणवली जाते, पण खरं पाहता ती एका माणसाच्या खुर्चीला बांधलेली असते.

मुलापर्यंत पोहोचायचं म्हणजे त्याच्या शाळेच्या संघापेक्षा उन्हाळ्यातल्या खासगी संघांकडे जावं लागतं. हे संघ बूट कंपन्यांच्या पैशावर चालतात. नायकीसाठी सॉनी वॅकारो यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॉलेजच्या कोचना थेट पैसे देऊन त्यांच्या संघांच्या पायात आपले बूट घालायला सुरुवात केली. पुढे ही साखळी लांबत गेली: कंपनी, उन्हाळी संघ, मुलाभोवतीचे 'काका-मामा', असिस्टंट कोच, विद्यापीठ. २०१७ च्या दुसऱ्या खटल्यात नेमकं हेच होतं. लुईव्हिल विद्यापीठात मुलाने यावं म्हणून त्याच्या कुटुंबाला एक लाख डॉलर देण्याची योजना अ‍ॅडिडासच्या जेम्स गॅटो यांनी आखली होती. लुईव्हिलचा अ‍ॅडिडासशी करार होता. गॅटो यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि कायद्याच्या भाषेत 'फसवले गेलेले' ठरले कोण? विद्यापीठं! कारण नियम मोडून आलेल्या मुलाला त्यांनी अजाणता शिष्यवृत्ती दिली. याच खटल्यात कॅन्सस विद्यापीठही असंच पीडित होतं आणि त्याच घटनांवरून एनसीएएच्या चौकशीत तेच आरोपी होतं. हे वाचताना मला दोनदा खात्री करून घ्यावी लागली.

नियमात बसणारी पळवाटही जुनी आहे. मुलगा हवा असेल तर त्याच्या जवळच्या माणसाला नोकरी द्या. १९८३ मध्ये कॅन्ससच्या लॅरी ब्राउन यांनी एड मॅनिंग यांना असिस्टंट म्हणून घेतलं. एड स्वतः व्यावसायिक खेळाडू राहिले होते, पण त्या वेळी ट्रक चालवत होते. त्यांचा मुलगा डॅनी हा देशातल्या सर्वोत्तम शालेय खेळाडूंपैकी एक होता. डॅनी कॅन्ससमध्ये आला आणि १९८८ मध्ये त्याने कॅन्ससला विजेतेपद मिळवून दिलं. २०१० मध्ये एनसीएएने खेळाडूच्या निकटवर्तीयाला कोचिंगबाहेरच्या पदावर नेमण्याला दोन वर्षांची बंदी घातली. थेट असिस्टंट कोच नेमायला मात्र दार उघडंच ठेवलं. अशा वाटेने पद मिळालेल्या माणसामुळे व्हिडिओ कापत बसलेल्या कुणाची तरी पाळी चुकते, हा मुद्दा या चर्चेत फारसा कुणी काढत नाही.

बोलणाऱ्याचं काय होतं

१९८९ साली ब्रूस पर्ल आयोवा विद्यापीठात तरुण असिस्टंट होते. शिकागोच्या एका नामांकित मुलासाठी आयोवा आणि इलिनॉय यांच्यात चढाओढ होती. मुलगा इलिनॉयला गेला. पर्ल यांनी त्याला फोन केला, इलिनॉयने पैसे आणि गाडी देऊ केल्याचं त्याच्या तोंडून वदवून घेतलं आणि त्याला न सांगता संभाषण टेप करून एनसीएएकडे दिलं. तो मुख्य आरोप चौकशीत सिद्ध झाला नाही. इतर नियमभंग सापडले आणि १९९१ मध्ये इलिनॉयला स्पर्धेबाहेर राहावं लागलं.

कोचांच्या जगात पर्ल यांचं नाव मात्र वाईट झालं. एका अल्पवयीन म्हणावं अशा मुलाला फसवून टेप करणं मलाही पटत नाही. पण बिरादरीचा राग त्या मुलासाठी होता असं समजायचं कारण नाही. 'आपल्यातल्याची चुगली केली', हा राग होता. १९९२ मध्ये पर्ल यांना हेड कोचची संधी मिळाली ती डिव्हिजन टूमध्ये, सदर्न इंडियानामध्ये. तिथे १९९५ मध्ये विजेतेपद मिळवूनही डिव्हिजन वनचं दार २००१ पर्यंत उघडलं नाही.

दुसरी गोष्ट याहून काळी आहे. २००३ च्या जूनमध्ये टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाचा खेळाडू पॅट्रिक डेनेही बेपत्ता झाला. जुलैच्या अखेरीस त्याचा मृतदेह सापडला. खुनी निघाला संघातलाच सहकारी. चौकशीत हेड कोच डेव्ह ब्लिस अडचणीत येणार होते, कारण डेनेहीची फी ते नियम मोडून स्वतः भरत होते. फीचे पैसे कुठून आले याचं उत्तर ब्लिस यांनी रचलं: पोरगा अमली पदार्थ विकायचा. मेलेला माणूस उलट बोलायला येणार नव्हता. खेळाडूंनी आणि असिस्टंटनी तपास करणाऱ्यांना हेच सांगावं, असा त्यांचा दबाव होता.

एबार राऊस हा असिस्टंट तिथे रुजू होऊन काही आठवडेच झाले होते. ऐकलं नाही तर नोकरी जाईल, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. त्याने खिशात रेकॉर्डर ठेवला आणि ब्लिस यांची संभाषणं टेप केली. त्या टेप बाहेर आल्या म्हणून एका खून झालेल्या मुलाची बदनामी थांबली.

यानंतर राऊस यांना किती विद्यापीठांनी बोलावलं असेल? त्यांना एका छोट्या विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून, म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर, काम मिळालं आणि शेवटी त्यांनी कोचिंगच सोडलं. आपल्या बॉसला टेप करणारा माणूस मी ठेवणार नाही, असं मोठमोठ्या कोचांनी जाहीरपणे सांगितलं. ब्लिस यांच्यावर दहा वर्षांचे निर्बंध आले, पण २०१५ मध्ये ओक्लाहोमातल्या एका छोट्या ख्रिस्ती विद्यापीठाने त्यांना हेड कोच नेमलं. २०१७ मध्ये एका माहितीपटात त्यांनी कॅमेऱ्यासमोर डेनेहीबद्दल पुन्हा तीच कहाणी सांगितली, तेव्हा कुठे ती नोकरी गेली.

'मोठमोठे कोच' वाईट होते म्हणून असं बोलले, हे स्पष्टीकरण मला पुरत नाही. या पेशात नोकऱ्या जाहिरातीवरून कमी आणि फोनवरून जास्त लागतात. जुन्या बॉसने दुसऱ्या विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाला केलेला एक फोन हेच खरं प्रमाणपत्र असतं. कोणाच्या हाताखालून कोण तयार झाला, याच्या वंशावळी लोक कौतुकाने मांडतात. निष्ठा हाच जिथे बायोडेटा आहे, तिथे बॉसविरुद्ध खरं बोलणं हीच अपात्रता ठरते. नियमभंग दिसला तर कळवा, असं एनसीएएचे नियम सांगतात. कळवल्यावर पुढचा फोन कोण करणार, याबद्दल ते गप्प आहेत.

शिक्षा आणि माफी

एनसीएएचं सर्वांत धारदार शस्त्र म्हणजे 'शो-कॉज'. आपल्या सरकारी कचेरीतल्या 'कारणे दाखवा' नोटिशीशी त्याची गल्लत नको. एखाद्या कोचवर ठरावीक वर्षांसाठी शो-कॉज लागला की त्या काळात त्याला नेमणाऱ्या विद्यापीठाने तो निर्बंध पाळायचा किंवा 'आम्हाला शिक्षा का होऊ नये' याचं उत्तर द्यायचं. तांत्रिकदृष्ट्या ही बंदी नाही, प्रत्यक्षात बंदीच.

तरीही ती कारकीर्द संपवतेच असं नाही. केल्विन सॅम्पसन यांचा प्रवास पाहा. ओक्लाहोमात असताना २००० ते २००४ दरम्यान त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होतकरू खेळाडूंना नियमापेक्षा ५७७ फोन जास्त केले. याच काळात ते कोचांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते आणि बेलर प्रकरणानंतर २००३ मध्ये त्याच संघटनेने नीतिमत्तेवर खास बैठक बोलावली होती! २००६ मध्ये ते इंडियानाला गेले. तिथेही फोनचाच नियम मोडला. २००८ च्या फेब्रुवारीत साडेसात लाख डॉलर घेऊन पायउतार झाले आणि नंतर पाच वर्षांचा शो-कॉज लागला. ती वर्षं त्यांनी एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये असिस्टंट म्हणून काढली, कारण एनबीएला कॉलेजचे नियम लागू नाहीत. २०१४ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाने त्यांना घेतलं आणि २०२५ मध्ये त्यांचा संघ अंतिम सामन्यात फ्लोरिडाकडून ६५-६३ असा हरला.

मधल्या काळात, २०१२ मध्ये, एनसीएएने बास्केटबॉलमधली फोनची मर्यादाच काढून टाकली. मग सॅम्पसन यांच्यावर अन्याय झाला का? नाही. नियम असताना तो पाळणाऱ्यांनी कमी फोन केले आणि कदाचित कमी खेळाडू मिळवले. नियम मूर्खपणाचा असला तरी तो एकट्याने गुपचूप मोडणं म्हणजे इतरांच्या पुढे रांगेत घुसणंच.

पर्लही याच वाटेने गेले. ज्या माणसाने एकेकाळी दुसऱ्यांचे नियमभंग उघड केले, त्याने २००८ मध्ये टेनेसीचा हेड कोच असताना शालेय खेळाडूंना घरी बार्बेक्यूला बोलावलं. ते नियमात बसत नव्हतं. पुढे एनसीएएने फोटो दाखवला तेव्हा हे माझं घर नाही, असं सांगितलं. किरकोळ गुन्ह्याचं मोठं प्रकरण झालं ते या खोटेपणामुळे. २०११ मध्ये नोकरी गेली, तीन वर्षांचा शो-कॉज लागला. २०१४ मध्ये, तो संपण्याच्या काही महिने आधीच, ऑबर्नने त्यांना नेमलं. सुरुवातीला उल्लेख आलेले चक पर्सन त्यांचेच असिस्टंट. त्या प्रकरणात एनसीएएने पर्सन यांना दहा वर्षांचा शो-कॉज दिला आणि पर्ल यांना दोन सामन्यांचं निलंबन. दरम्यान २०१९ मध्ये ऑबर्न पहिल्यांदाच शेवटच्या चारांत पोहोचलं होतं.

लुइझियाना स्टेटचे हेड कोच विल वेड यांचं तर टेलिफोन संभाषणच एफबीआयच्या टेपवर सापडलं होतं, डॉकिन्सशी एका मुलाला दिलेल्या 'ऑफर'बद्दलचं. विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं, परत घेतलं आणि २०२२ मध्ये काढलं. वर्षभरात मॅकनीझ या लहान विद्यापीठाने त्यांना उचललं. २०२५ मध्ये मॅकनीझने स्पर्धेत क्लेमसनला हरवलं आणि त्याच मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटने त्यांना हेड कोच केलं.

मोठ्या संघांना शिक्षा देताना एनसीएए कचरते, हा आरोप जुनाच आहे. नेवाडा-लास व्हेगासचे जेरी टार्कानियन यांचा त्यावरचा टोमणा प्रसिद्ध आहे: केंटकीवर एनसीएए इतकी चिडलीय की आता क्लीव्हलंड स्टेटला आणखी दोन वर्षांची शिक्षा होणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

नीतीची चाड विद्यापीठांना कधी येते

कनेटिकट विद्यापीठाचं उदाहरण यासाठी पुरेसं आहे. २०११ च्या फेब्रुवारीत तिथले हेड कोच जिम कॅल्हून भरतीतल्या नियमभंगासाठी दोषी ठरले आणि पुढच्या हंगामातल्या तीन सामन्यांसाठी निलंबित झाले. दोन महिन्यांत त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. नोकरीला धक्का लागला नाही. त्यांच्यानंतर केव्हिन ऑली आले, त्यांनी २०१४ मध्ये विजेतेपद मिळवलं, पण २०१८ पर्यंत संघ घसरला. त्या हंगामात १४ विजय, १८ पराभव. कराराप्रमाणे एक कोटीहून जास्त डॉलर देऊन त्यांना घरी पाठवावं लागलं असतं. विद्यापीठाने नियमभंगाचं कारण पुढे केलं, कारण 'योग्य कारणासाठी' काढलं तर दमडीही द्यावी लागत नाही. एनसीएएने पुढे ऑली यांना तीन वर्षांचा शो-कॉज दिला हे खरं, तेव्हा ते धुतल्या तांदळाचे नव्हते. पण २०२२ मध्ये लवादाने विद्यापीठाचा दावा फेटाळला आणि त्यांना १ कोटी ११ लाख डॉलरहून जास्त द्यायला लावले. एकाच विद्यापीठात, सात वर्षांच्या अंतराने, नियमभंगाचं वजन संघाच्या गुणतक्त्यावरून ठरलं. कोचच्या करारात नीतिमत्तेचं कलम असतं, पण ते वाचलं जातं संघ हरायला लागल्यावर.

आता पैसे देणं कायदेशीर झालंय, मग?

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींचे पैसे घेता येतात. ६ जून २०२५ रोजी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या खटल्यात न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी सर्व खेळ मिळून एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. खेळाडूंना विद्यापीठ बदलणंही सोपं झालं. आधी कोच रात्रीत दुसरीकडे जाऊ शकायचा आणि खेळाडूने तसं केलं तर त्याला वर्षभर बसून राहावं लागायचं. तो अन्याय गेला.

म्हणजे गॅटो ज्याच्यासाठी तुरुंगात गेले, तशा व्यवहाराला आता वैध वाटा आहेत. यावरून 'तेव्हाचे सगळे निर्दोष' असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. मला ते अर्धंच मान्य आहे. खेळाडूच्या कुटुंबाला पैसे देणं हा मुळात पाप नसलेला गुन्हा होता. पण विश्वासाने आलेल्या मुलाला, स्वतः पैसे खाऊन, कोणा भलत्याच सल्लागाराच्या हवाली करणं हे आजही तितकंच वाईट आहे. ब्लिस यांचा खोटेपणा तर कुठल्याच नियमपुस्तकावर अवलंबून नव्हता.

नवे प्रश्न आलेच आहेत. दुसऱ्या संघात खेळत असलेल्या मुलाला हंगाम चालू असतानाच मध्यस्थामार्फत 'इकडे ये' म्हणून निरोप धाडणं नियमाबाहेर आहे. तो निरोप पोहोचवण्याचं काम कोणाच्या वाट्याला येत असेल, हे सांगायला नको. कामाचं स्वरूपही बदललंय. ड्यूकने २०२२ मध्ये बास्केटबॉलसाठी जनरल मॅनेजर नेमला, मग इतरांनीही नेमले. २०२३ पासून असिस्टंटची संख्या तिनावरून पाचावर गेली, पण वाढीव दोघांना बाहेर फिरून भरती करायला परवानगी नव्हती. त्याच वर्षापासून हेड कोचला 'मला माहीतच नव्हतं' म्हणून हात वर करता येत नाहीत. हाताखालच्याने नियम मोडला तर जबाबदारी आपोआप त्याच्यावर येते. कागदावर हा बदल मोठा आहे. सहा वर्षं आधी झाला असता तर २०१७ ची यादी बहुधा वेगळी दिसली असती.

वर जाण्याची गणितं मात्र अजूनही वरच्याच्या मर्जीने सुटतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, हंगाम तोंडावर असताना, पर्ल ऑबर्नमधून निवृत्त झाले. नवा कोच शोधायला वेळच नव्हता, तेव्हा खुर्ची त्यांचा मुलगा आणि असिस्टंट स्टीव्हन याच्याकडे गेली. ह्यूस्टनमध्ये सॅम्पसन यांचा मुलगा केलन याचंही नाव वारस म्हणून ठरलेलं आहे. दोघेही वर्षानुवर्षं असिस्टंट म्हणून राबले आहेत, तेव्हा अगदीच आयत्या बिळावर नागोबा म्हणता येणार नाही. पण तितकीच वर्षं राबलेले आणि आडनाव वेगळं असलेले इतरही असतीलच.

व्हर्जिनियाचे टोनी बेनेट यांनी २०१९ मध्ये विजेतेपदानंतर स्वतःची पगारवाढ नाकारून ती सहकाऱ्यांना द्यायला सांगितलं होतं. या धंद्यात असं उदाहरण शोधून सापडणं कठीण. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, नव्या व्यवस्थेत हे काम करायला मी योग्य माणूस नाही असं सांगून, तेही हंगामाच्या तोंडावर बाहेर पडले आणि त्यांचे जुने असिस्टंट रॉन सँचेझ यांना हंगामी हेड कोच केलं गेलं. सँचेझ यांना एकच हंगाम मिळाला. मार्च २०२५ मध्ये विद्यापीठाने त्यांना थांबवून बाहेरून रायन ओडम यांना आणलं. २०१८ च्या स्पर्धेत अव्वल मानांकित व्हर्जिनियाला सोळाव्या मानांकनाच्या एका लहानशा विद्यापीठाने धूळ चारली होती. पुरुषांच्या स्पर्धेत तसं त्याआधी कधीच घडलं नव्हतं. त्या लहानशा विद्यापीठाचे कोच हेच ओडम.